टीबीचे भाऊबंद, पण टीबी नव्हे

बेडक्याच्या अहवालावर 'एएफबी पॉझिटिव्ह' असं दिसलं की घरात पुढची चर्चा होत नाही. टीबी झाला, एवढंच ठरतं. आपल्याकडे ते बहुतेक वेळा बरोबरही असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात जेवढे लोक नव्याने क्षयाने आजारी पडले, त्यांतले २६ टक्के एकट्या भारतात होते. पण 'बहुतेक वेळा' म्हणजे 'नेहमी' नव्हे. काही रुग्णांच्या फुफ्फुसात, गाठीत किंवा जखमेत सापडलेला जंतू टीबीच्या कुळातला असतो, टीबीसारखाच रंग धरतो, खोकला आणि बारीक ताप तसाच आणतो, पण टीबीच्या गोळ्यांना नीट दाद देत नाही. या जंतूंना नॉन-ट्यूबरक्युलस मायकोबॅक्टेरिया म्हणतात. दवाखान्यात त्यांचं सुटसुटीत नाव 'एनटीएम'. त्यांच्या दोनशेच्या आसपास जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या मोजक्याच माणसाला त्रास देतात.

मंचरजवळचं अवसरी बुद्रुक डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. तिथे एखादी साथ आली आहे म्हणून नव्हे, तर आंबेगाव तालुक्यातल्या या बागायती पट्ट्यातलं रोजचं जगणं या जंतूंच्या शेजारीच चालतं म्हणून. डिंभे धरणाच्या पाण्यावर उभा राहिलेला ऊस, कांदा, बटाटा, घरामागे गोठा आणि शेणखताचा ढीग, गच्चीवर प्लॅस्टिकची टाकी, आता बऱ्याच घरांवर सोलर. एनटीएम राहतात ते ओल्या मातीत, साठलेल्या पाण्यात आणि नळाच्या आतल्या बुळबुळीत थरात. त्यांच्याविषयीचे समज मात्र थेट टीबीकडून उसने घेतलेले असतात. ते एकेक करून तपासू.

गैरसमज १: हा कोरोनानंतर आलेला नवा जंतू आहे.

वस्तुस्थिती: रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जगापुढे मांडला. त्याचे भाऊबंदही त्यानंतर फार काळ लपून राहिले नाहीत. १९०३ मध्ये फ्रीडमन यांना बर्लिनच्या मत्स्यालयातल्या कासवांत असाच एक जंतू सापडला. तो माणसाला निरुपद्रवी आहे असं धरून त्यांनी त्याची क्षयावरची लसही काढली आणि तिचा मोठा गाजावाजा झाला, पण ती टिकली नाही. त्या जंतूला आज मायकोबॅक्टेरियम कीलोनी म्हणतात आणि शस्त्रक्रियेच्या जखमा चिघळवणाऱ्या जंतूंत त्याचं नाव पुढे असतं. फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या माशांत १९२६ मध्ये मरिनम ही जात सापडली. १९३८ मध्ये ब्राझीलमध्ये फॉर्च्युइटमचं वर्णन झालं, १९५३ मध्ये अमेरिकेत कॅन्सासीचं. १९५९ मध्ये अर्नेस्ट रनियन यांनी वाढीचा वेग आणि वसाहतीचा रंग पाहून या सगळ्यांची चार गटांत विभागणी केली.

मग आताच यांची नावं का ऐकू येतात? पूर्वी जो जंतू 'टीबी' म्हणून नोंदला जाई, त्याची खरी जात आता प्रयोगशाळा सांगू शकते. सीटी स्कॅन तालुक्याच्या गावापर्यंत आला. माणसं जास्त जगू लागली, आणि जुन्या टीबीने किंवा धुराने खराब झालेली फुफ्फुसं घेऊन जगणारेही वाढले. संधिवातापासून कर्करोगापर्यंत प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढली, दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रिया वाढल्या. जंतू जुनेच आहेत. त्यांना आत शिरायला वाटा नव्या मिळाल्या.

महाराष्ट्रातही त्यांचा माग निघाला आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी मध्य भारतातल्या माती-पाण्यातून हे जंतू वेगळे काढून त्यांच्या जाती ओळखल्या आणि तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये आपल्या रुग्णांतल्या एनटीएमचा आढावा मांडला. क्षय मुबलक असलेल्या देशातही या जंतूंची ओळख पटवण्याची वेळ आली आहे, हा त्या आढाव्याचा रोख होता.

गैरसमज २: एएफबी पॉझिटिव्ह म्हणजे टीबीच.

वस्तुस्थिती: एएफबी म्हणजे आम्लाने ज्याचा रंग धुतला जात नाही असा जंतू. बेडका काचेवर पसरतात, लाल रंग देऊन गरम करतात, आम्लाने धुतात आणि मग निळा रंग देतात. मायकोबॅक्टेरियाच्या भिंतीत मेणासारखं आवरण असतं. ते लाल रंग पकडून ठेवतं, त्यामुळे निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात. हे आवरण साऱ्या कुळाचं आहे. सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्याला लाल काडी दिसते, तिची जात दिसत नाही.

जात कळण्याची पहिली पायरी म्हणजे सीबीनॅट किंवा ट्रूनॅट. या तपासण्या क्षयाच्या जंतूचा जनुकीय अंश शोधतात. ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं यंत्र आहे आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. ही यंत्रं एनटीएमला क्षय म्हणत नाहीत. म्हणून एका जोडीकडे लक्ष द्यायला हवं: सूक्ष्मदर्शकाखाली जंतू भरपूर दिसतात, आणि सीबीनॅट म्हणतं की क्षयाचा जंतू आढळला नाही. अशा वेळी 'यंत्र चुकलं असेल' असं म्हणून गोळ्या सुरू करण्याआधी एनटीएमचा विचार व्हायला हवा. त्यानंतर कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहणं, आणि वाढलेल्या जंतूची जात ठरवणं. ही सोय प्रत्येक तालुक्यात नसते. क्षयनिर्मूलन कार्यक्रमाच्या पुणे आणि नागपूर इथल्या संदर्भ प्रयोगशाळांसारख्या मोठ्या ठिकाणी कल्चर होतं आणि त्याला आठवडे लागतात.

उलट्या बाजूची चूकही तितकीच घातक आहे. सीबीनॅट एकदा निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाहीच, असं रुग्णाने परस्पर ठरवू नये. बेडक्यात जंतू कमी असतील तर टीबीही निसटू शकतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन उतरणं, संध्याकाळचा ताप, बेडक्यातून रक्त यांपैकी काहीही असेल तर आपल्याकडे पहिला संशय टीबीचाच धरायचा.

गैरसमज ३: गोळ्या खाऊनही उतार नाही, म्हणजे टीबी बिघडला.

वस्तुस्थिती: सहा महिन्यांचा कोर्स झाला तरी बेडक्यात जंतू दिसतच राहिले, तर दोन शक्यता राहतात. एक, टीबी औषधांना जुमानत नाही. दोन, तो मुळात टीबीच नव्हता. दुसरी शक्यता आपल्याकडे चटकन कुणाच्या मनात येत नाही. मग अशा रुग्णाला औषधरोधक क्षयाचं जड औषध सुरू होतं, त्याने कान, किडनी किंवा मन बिघडू शकतं, आणि मूळ जंतू तसाच राहतो.

फरक औषधांत आहे. एव्हियम आणि त्याच्या जवळच्या जातींना एकत्रितपणे 'मॅक' म्हणतात. क्षयाच्या कोर्समधलं पायराझिनामाइड त्यांच्यावर चालत नाही आणि आयसोनियाझिडचाही उपयोग होत नाही. त्यांच्यावर मुख्य औषध अझिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन, आणि त्याच्या जोडीला इथॅम्ब्युटॉल व रिफॅम्पिसिन. कॅन्सासी मात्र रिफॅम्पिसिनला चांगली दाद देतो, म्हणून त्याचा रुग्ण कधी कधी टीबीच्या गोळ्यांनीही सुधारतो आणि निदान चुकलं होतं हे कुणाला कळतही नाही. अ‍ॅबसेसस ही सगळ्यांत हट्टी जात. तिच्यावर टीबीच्या नेहमीच्या गोळ्या जवळपास निरुपयोगी ठरतात. अमिकॅसिनसारखी इंजेक्शनं आणि इतर प्रतिजैविकं एकत्र द्यावी लागतात. म्हणजे 'एनटीएम आहे' एवढं कळूनही भागत नाही. कोणता एनटीएम, हे कळल्यावरच औषध ठरतं.

गैरसमज ४: हा खोकल्यातून घरभर पसरतो, ताट-वाटी वेगळी करा.

वस्तुस्थिती: ताट-वाटीने तर टीबीही पसरत नाही. टीबी पसरतो तो रुग्णाच्या खोकल्यातून हवेत गेलेल्या बारीक थेंबांतून. एनटीएम मात्र माणसाकडून माणसाकडे सहसा जातच नाहीत. ते आसपासच्या माती-पाण्यातून येतात. ठळक अपवाद सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात फुफ्फुसविकाराच्या रुग्णांचा. इंग्लंडमधल्या पॅपवर्थ रुग्णालयातल्या अशा रुग्णांत अ‍ॅबसेससचा जवळजवळ एकाच वाणाचा संसर्ग होता, हे जनुकांच्या तुलनेतून २०१३ मध्ये पुढे आलं.

म्हणून एनटीएम ठरलेल्या माणसाला ओसरीवर झोपवण्याची, नातवंडांना त्याच्यापासून तोडण्याची किंवा घरातलं लग्न जमेपर्यंत आजार दडवण्याची गरज नाही. एक अट मात्र आहे. टीबी नाही हे तपासणीने नक्की होईपर्यंत तोंडाला मास्क आणि घरात खेळती हवा ठेवायचीच.

गैरसमज ५: विहिरीत टीसीएल टाकलं, घरी फिल्टर बसवला, म्हणजे पाण्यातला प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती: टीसीएल या क्लोरीनच्या पावडरने कॉलरा, हगवण, काविळीचे जंतू आटोक्यात येतात. ती टाकणं कधीही थांबवू नये. पण मायकोबॅक्टेरियाला त्याचं तेच मेणाचं आवरण क्लोरीनपासूनही वाचवतं. विष्ठेतल्या जंतूंना मारणारं क्लोरीनचं प्रमाण एव्हियम सहज सोसतो. उलट इतर जंतू मेल्यामुळे त्याला नळाच्या आत मोकळी जागा मिळते. पाइपाच्या आतल्या बुळबुळीत थरात तो वर्षानुवर्षं टिकतो. २००९ मध्ये अमेरिकेतल्या अनेक शहरांतल्या शॉवरच्या तोट्या तपासल्या, तेव्हा आतल्या थरात एव्हियमसारखे मायकोबॅक्टेरिया आसपासच्या पाण्याच्या मानाने कितीतरी जास्त सापडले.

गरम पाणीही सरसकट सुरक्षित नसतं. झेनोपी ही जात तर रुग्णालयांच्या गरम पाण्याच्या नळांत सापडण्यासाठीच ओळखली जाते. कोमट पाणी दिवसभर साठून राहणं तिच्या सोयीचं. फिल्टरमधल्या कोळशाच्या कांडीवरही हे जंतू वस्ती करतात, म्हणून कांडी मुदतीत बदलणं महत्त्वाचं.

याचा अर्थ पाणी पिऊ नका असा नाही. निरोगी माणूस हे जंतू रोज गिळतो आणि त्याला काही होत नाही. काळजी घ्यायची ती खराब फुफ्फुसाच्या माणसाने, आणि तीही मुख्यतः पाण्याचा बारीक फवारा श्वासात जाण्याची. अशा घरात शॉवरऐवजी बादलीने अंघोळ, टाकी नियमित घासणं, आणि वाफ घ्यायच्या किंवा नेब्युलायझरच्या भांड्यात नळाचं पाणी न वापरणं एवढं पुष्कळ आहे. उकळी आलेल्या पाण्यात हे जंतू मरतात.

गैरसमज ६: मातीतच आहे म्हणजे शेतकऱ्यांना होणारच. किंवा याच्या उलट: हा फक्त एचआयव्ही झालेल्यांचा आजार आहे.

वस्तुस्थिती: दोन्ही टोकं चुकीची. मातीशी संबंध सगळ्यांचा येतो, आजारी थोडेच पडतात. आजार होण्यासाठी बहुधा शरीरात आधीच एखादी वाट उघडी असावी लागते. पूर्वी टीबी होऊन गेलेला असतो आणि फुफ्फुसात पोकळी किंवा रुंदावलेल्या श्वासनलिका राहिलेल्या असतात. वर्षानुवर्षं विडी ओढून किंवा चुलीच्या धुराने दमा-खोकला जडलेला असतो. दगडाच्या धुळीने सिलिकोसिस झालेला असतो. दीर्घकाळ स्टेरॉइड किंवा संधिवाताची जैविक औषधं चालू असतात. आणि एचआयव्हीत पांढऱ्या पेशी फार खाली, म्हणजे सीडी-४ पन्नासच्या खाली गेल्यावर मॅक रक्तातून साऱ्या शरीरात पसरू शकतो. एचआयव्हीवरची एआरटी औषधं वेळेवर चालू असलेल्यांत हे आता विरळ झालं आहे.

यांपैकी काहीही नसलेल्यांतही एक गट डॉक्टरांना माहीत आहे: बारीक अंगकाठीच्या, विडी-सिगारेट न ओढणाऱ्या, साठी ओलांडलेल्या स्त्रिया. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी अशा रुग्णांवर लिहिलं आणि चारचौघांत खोकला दाबून ठेवण्याची सवय यामागे असेल असा तर्क केला. तो तर्क टिकला नाही. पण वर्षभर खोकणाऱ्या सडपातळ आजीला 'वयाचा खोकला' म्हणून सोडून देऊ नये, हा धडा टिकला.

शेतकऱ्याने शेती सोडायची नाही. ज्यांची फुफ्फुसं आधीच खराब आहेत, त्यांनी कोरडं शेणखत विस्कटताना, रोपांसाठी माती-कोकोपीट मिसळताना नाका-तोंडाला मास्क लावावा आणि माती आधी थोडी ओली करून घ्यावी. कुंड्यांच्या मातीच्या धुळीत सापडलेले जंतू आणि रुग्णांच्या शरीरातले जंतू एकाच वाणाचे निघाल्याचं अमेरिकेतल्या अभ्यासात आढळलं आहे.

गैरसमज ७: हा छातीचाच आजार आहे.

वस्तुस्थिती: आपल्याकडे सर्वांत जास्त फसवणारे एनटीएम छातीबाहेरचे असतात. पित्ताशय, अपेंडिक्स किंवा कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होते. जखमा भरतात, टाके निघतात, बाई घरी कामाला लागते. तीन-चार आठवड्यांनी किंवा त्याहून उशिरा, दुर्बीण घातलेल्या छोट्या छिद्राच्या जागी गाठ येते, ती लाल होते आणि पाणी गळू लागतं. प्रतिजैविकाचा एक कोर्स होतो, दुसरा होतो, जखम बंद होते आणि पुन्हा फुटते. पू तपासायला दिला तर अहवाल येतो: काही वाढलं नाही.

त्याचं कारण साधं आहे. पुवाचं नेहमीचं कल्चर दोन दिवस ठेवून टाकून देतात. कीलोनी आणि फॉर्च्युइटम या कुळातल्या वेगाने वाढणाऱ्या जाती, पण त्यांनाही वर दिसायला तीन ते सात दिवस लागतात. 'पुवाचं एएफबी आणि मायकोबॅक्टेरियाचं कल्चर' असं चिठ्ठीवर मुद्दाम लिहिलं तरच प्रयोगशाळा ते शोधते.

जंतू तिथे जातो कसा? बेंगळुरूच्या एका रुग्णालयात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांनंतर अशा जखमांची साथ आली. तिचा तपास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. उपकरणं रसायनात बुडवून जंतुमुक्त केली जात, पण नंतर ज्या पाण्याने ती विसळली जात त्या पाण्यातच कीलोनी होता. ब्राझीलमध्ये २००३ नंतरच्या काही वर्षांत दोन हजारांवर संशयित रुग्ण निघाले, आणि तिथला वाण तर उपकरणं भिजवण्याच्या दोन टक्के ग्लुटारल्डिहाइडलाही पुरून उरला. युरोपात हृदयशस्त्रक्रियेवेळी रक्ताचं तापमान राखणाऱ्या यंत्रांच्या टाकीतून किमेरा नावाची जात उडाली आणि शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी रुग्ण आजारी पडले. न्यूयॉर्क राज्यात २०११-१२ मध्ये टॅटूच्या शाईतून कीलोनीचा संसर्ग झाला.

म्हणून जत्रेत गोंदवून घेताना शाई पाण्याने पातळ केलेली नाही ना, दवाखान्यात सुई नवी आहे ना, हे विचारण्यात संकोच नको. इंजेक्शनच्या जागी आठवड्यांनी उठलेली, वारंवार फुटणारी गाठ दिसली की घरी पोटीस बांधून बसू नये. माशांच्या टाक्या धुणाऱ्याच्या बोटावर किंवा मनगटावर बरी न होणारी गाठ आली तर मरिनमचा विचार व्हावा.

गैरसमज ८: गोठ्यामुळे, दुधामुळे होतो.

वस्तुस्थिती: इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. गाईम्हशींना होणारा बोव्हिस हा जंतू एनटीएम नाही. तो क्षयाच्याच मुख्य घराण्यातला आहे आणि कच्च्या दुधातून माणसाला क्षय देऊ शकतो. म्हणून दूध तापवूनच प्यायचं. अवसरी फाट्याजवळच्या मोठ्या दूधप्रकल्पात पाश्चरायझेशनने जे होतं तेच घरात पातेल्यात उकळी आल्याने होतं. निरसं दूध ताकदीचं असतं म्हणून लहान मुलांना देण्याची जुनी सवय सोडावी.

गुरांत एनटीएमचाही एक आजार होतो. त्याला पशुवैद्यक जोन्स आजार म्हणतात. एव्हियमच्या एका उपजातीने तो होतो. गाय खाते-पिते पण सतत पातळ हगते आणि वाळत जाते. पशुवैद्यकाला कळवून असं जनावर वेगळं बांधावं, त्याचं शेण वासरांच्या जागेत जाऊ देऊ नये.

मातीतल्या जंतूंचा आणखी एक परिणाम पशुपालकांना माहीत असावा. जनावराच्या मानेच्या कातडीत ट्युबरक्युलिन टोचून क्षय तपासतात, तेव्हा एनटीएमशी आलेल्या संबंधामुळे निरोगी गाईलाही सूज येऊ शकते. म्हणून बोव्हिनच्या जोडीला पक्ष्यांच्या क्षयजंतूचं ट्युबरक्युलिन टोचून दोन्ही सुजांची तुलना करतात. एकाच टोचणीवरून दुभती गाय विकायला काढू नये.

गैरसमज ९: बीसीजी टोचलेली आहे, मग काही होत नाही.

वस्तुस्थिती: जन्मतः दिलेली बीसीजी लहान मुलांना मेंदूच्या आणि शरीरभर पसरणाऱ्या क्षयापासून वाचवते. ती द्यायलाच हवी. स्वीडनने १९७५ मध्ये सरसकट बीसीजी थांबवली, तेव्हा मुलांच्या मानेतल्या एनटीएमच्या गाठी वाढलेल्या आढळल्या. म्हणजे लहानपणी ती थोडा आडोसा देते. पण मोठ्या माणसाच्या फुफ्फुसाला तिचा भरवसा नाही.

या प्रश्नाचा सर्वांत मोठा धडा भारतातच मिळाला. चेन्नईजवळ चिंगलपुट भागात १९६८ पासून अडीच लाखांवर माणसांवर बीसीजीची चाचणी झाली. १९७९ मध्ये निकाल आला तेव्हा मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या क्षयापासून लसीने संरक्षण दिलेलं दिसलं नाही. त्याची जी कारणं पुढे मांडली गेली, त्यांतलं एक आपल्या विषयाचं आहे: तिथल्या माती-पाण्यातल्या मायकोबॅक्टेरियाशी लोकांचा आधीच इतका संबंध आलेला होता की लसीला वेगळं काही शिकवायला उरलं नव्हतं. क्षय तपासायला हाताच्या कातडीत टोचतात त्या मँटू चाचणीतली छोटी सूजही याच संबंधामुळे येऊ शकते. मँटू फुगली म्हणजे टीबी, असं नाही.

गैरसमज १०: अहवालात एनटीएम आलं, आता लगेच औषध घ्या आणि महिन्या-दोन महिन्यांत मोकळे व्हा.

वस्तुस्थिती: एका बेडक्यात एनटीएम येणं म्हणजे आजार नव्हे. जंतू तोंडातून, डबीतून, अगदी चूळ भरायच्या पाण्यातूनही नमुन्यात येऊ शकतो. म्हणून एनटीएमसाठी बेडका देताना उकळून गार केलेल्या पाण्याने चूळ भरावी आणि डबी प्रयोगशाळेकडूनच घ्यावी. आजार ठरवायला तीन गोष्टी एकत्र लागतात: लक्षणं, एक्स-रे किंवा सीटीत दिसणारी खूण, आणि वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या निदान दोन बेडक्यांत एकच जात वाढणं. श्वासनलिकेत दुर्बीण घालून घेतलेला एक नमुनाही पुरेसा धरतात.

हे ठरल्यावरही सगळ्यांना लगेच औषध देत नाहीत. आजार सौम्य असेल, फुफ्फुसात पोकळी नसेल, तर काही रुग्णांना ठरावीक काळाने तपासत राहणंच योग्य ठरतं. औषध सुरू झालं तर ते लांबतं. मॅकच्या रुग्णाला बेडका निगेटिव्ह आल्यानंतर पुढे बारा महिने औषध घ्यावं लागतं, म्हणजे एकूण काळ दीड वर्षाच्या घरात जातो. इथॅम्ब्युटॉलने नजर अंधुक होऊ शकते, लाल-हिरवा रंग ओळखण्यात घोटाळा होऊ शकतो. तसं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावं. अमिकॅसिनने कानांवर परिणाम होतो. एकट्या अझिथ्रोमायसिनचा कोर्स मेडिकलमधून आणून घेणं सर्वांत वाईट. त्याने जंतू त्या मुख्य औषधालाच निर्ढावतो आणि मग पुढचा उपचार फार अवघड होतो.

अवसरीच्या माणसाने काय करावं?

खोकला लांबला तर आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला गाठावं. तिथून मंचरचं उपजिल्हा रुग्णालय आणि गरज पडली तर पुणे. टीबी ठरला तर औषध मोफत मिळतं आणि निक्षय पोषण योजनेतून महिन्याला मदतही मिळते. एप्रिल २०१८ पासून ती ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाली. एनटीएम ठरला तर या कार्यक्रमाची चौकट तशीच्या तशी लागू होत नाही. म्हणून खर्चाचा आणि औषध कुठून मिळेल याचा प्रश्न पहिल्याच भेटीत छातीच्या डॉक्टरांपुढे ठेवावा.

आणि प्रत्येक अहवाल हातात घेऊन डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट झालं का, आणि त्यात काय आलं? कल्चर लावलं का, आणि जंतूची जात कळली का? आधीच्या टीबीचा, शस्त्रक्रियेचा किंवा चालू औषधांचा यात काही संबंध दिसतो का? जुने एक्स-रे आणि जुनी चिठ्ठी फेकू नये, पिशवीत घालून सोबत न्यावी. दहा वर्षांपूर्वीचा डाग आणि आजचा डाग शेजारी ठेवल्यावर निदान अनेकदा सुटतं. टीबीचा संशय असेल तिथे औषधाला उशीर करणं धोक्याचं, म्हणून ते वेळेवर सुरू व्हायलाच हवं. पण दोन-तीन महिन्यांत वजन वाढत नसेल, बेडका स्वच्छ होत नसेल, तर गोळ्या वाढवून मागण्याआधी जंतूची जात तपासायला मागावी. तेवढी मागणी करणं हा रुग्णाचा हक्क आहे, आणि ती ऐकून घेतल्याने डॉक्टरांचा वेळ वाया जात नाही, उलट वाचतो.